अकरावीतली लेक, २४ कॉलेजांची यादी आणि गोंधळलेले आम्ही दोघं

निळी_छत्री
१२ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत. ग्रीन कार्ड आहे. लेक अकरावीत, म्हणजे ज्युनियर. येत्या ऑगस्टपासून कॉलेजचे अर्ज सुरू होतील. मी आणि नवरा दोघंही महाराष्ट्रात शिकलेलो. आमच्या वेळी बारावीचे मार्क आले, फॉर्म भरला, कॉलेजात यादी लागली, बोट फिरवत नाव शोधलं, संपलं. हुकलं तरी कशामुळे हुकलं ते कळायचं. दोन मार्क कमी पडले, बास. इथे काय कमी पडलं ते कोणी सांगतच नाही.

नवऱ्याने नाताळच्या सुट्टीत एक्सेल शीट केलीय. चोवीस कॉलेजं, सगळी रँकिंगच्या पहिल्या तिसातली, हिरव्या-पिवळ्या रंगांत. प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. लेकीने पाच मिनिटं ऐकून घेतलं, मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने काहीतरी काढत बसली. बाबा बोलतच होता. मला दोघांचीही दया आली.

शाळेच्या काउन्सेलरबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे चारशेच्या वर मुलं. वीस मिनिटांच्या भेटीत त्यांनी लेकीला विचारलं, तुला कसं कॉलेज हवंय? ती म्हणाली, माहीत नाही. मग उरलेली सतरा मिनिटं आम्ही दोघं बोललो.

तर प्रश्न असे: यादी कुठून सुरू करायची? सॅट (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) द्यायचीच का? निबंधात आम्ही किती लक्ष घालायचं? आणि पैसे. आमचं उत्पन्न असं आहे की मदत मिळायला जास्त आणि वर्षाला ९० हजार डॉलर भरायला कमी. आमच्यासारखे बरेच असतील इथे.

---

चहाबाज
१२ जानेवारी, रात्री ११:०५

छत्रीताई, तुम्ही पैशाचा प्रश्न शेवटी ठेवलात. आम्हीही तेच केलं होतं आणि तिथेच फसलो. म्हणून आधी तेच सांगतो.

माझी दोन मुलं यातून गेली. थोरल्याच्या वेळी आम्ही म्हणालो, तू बिनधास्त अर्ज कर, पैशाचं आम्ही बघू. आईबाप असंच म्हणतात. पोराने जीव तोडून अर्ज केले. मार्चअखेरीस त्याच्या सगळ्यात आवडत्या कॉलेजचा होकार आला, घरात पेढे झाले, आणि चार दिवसांनी मदतीचं पत्र आलं. पत्रात आमच्या वाट्याचा आकडा होता तो आमच्या घराच्या हप्त्याच्या अडीचपट. दोन आठवडे मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. शेवटी त्याला 'नाही' म्हणालो. तो काही बोलला नाही. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला, दिवा न लावता. तासाभराने बायको जाऊन शेजारच्या सीटवर बसली. मी गेलो नाही, माझी हिंमत झाली नाही.

त्याला 'नाही' ऐकावं लागलं याचं मला तितकं वाईट वाटत नाही. ते एप्रिलमध्ये ऐकावं लागलं याचं वाटतं. आदल्या वर्षीच आकडा सांगितला असता तर त्याने ते कॉलेज यादीत ठेवलंच नसतं, किंवा समजून-उमजून ठेवलं असतं.

म्हणून या आठवड्यात तुम्ही दोघांनी बसून एकच आकडा काढा. कर्ज न काढता वर्षाला किती देऊ शकता? मग लेकीला तो आकडा सांगा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घरचा आकडा सांगण्यात कमीपणा काही नाही.

मग नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्या घराला साधारण किती पडेल ते सांगणारा. तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो, पण बरीच कॉलेजं आतल्या गल्लीत लपवतात, म्हणून कॉलेजचं नाव टाकून थेट गूगलवर शोधा. टॅक्स रिटर्न शेजारी ठेवा, वीस मिनिटं लागतात. स्वतःचा धंदा असेल किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर त्यावर फार विसंबू नका, पगारदारांना बऱ्यापैकी जवळचा आकडा मिळतो.

आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे जुनी नामांकित) आठही कॉलेजं गुणवत्तेवर स्कॉलरशिप देत नाहीत. देतात ती फक्त घरची गरज बघून. म्हणजे 'पोरगी हुशार आहे, काहीतरी सूट देतीलच' हा हिशोब तिथे चालत नाही. उलट हार्वर्ड आणि एमआयटीत आता २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन माफ आहे. म्हणजे तिथे खर्चापेक्षा आत शिरणं अवघड. शंभरातल्या चार-पाच मुलांना घेतात. खरी चाट बसते ती अशी श्रीमंत कॉलेजं आणि राज्याची विद्यापीठं यांच्या मधल्या महागड्या खासगी कॉलेजांत.

आणि हो, यजमानांना सांगा, अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅपमध्ये २० च्या वर कॉलेजं टाकताच येत नाहीत. चार तर आजच कमी झाली.

---

साधीसुधी
१३ जानेवारी, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली आहे. माझा नववीत आहे. गॅरेजचं वाचून पोटात गोळा आला.

---

चहाबाज
१३ जानेवारी, सकाळी ८:३०

साधीसुधी, मुलगा नववीत आहे ते बरंच आहे. फॅफ्सा (मदतीसाठीचा सरकारी फॉर्म) भरताना दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतात. म्हणजे मुलाच्या दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं उत्पन्न मोजलं जातं. शेअर विकायचे असतील, मोठा बोनस मागेपुढे करता येण्यासारखा असेल, तर त्याच्या आधी उरका. छत्रीताईंचं ते वर्ष गेल्या ३१ डिसेंबरला संपलंसुद्धा. त्यांना आता काही करता येणार नाही, पण निदान कॅल्क्युलेटरमध्ये कोणतं वर्ष घालायचं ते कळलं.

फॅफ्सात राहतं घर आणि निवृत्तीची खाती धरत नाहीत. पण दोन-अडीचशे कॉलेजं वर सीएसएस प्रोफाइल हा आणखी एक मदतीचा फॉर्मही मागतात, आणि त्यातली काही घराची किंमतही मोजतात. कॅलिफोर्नियात जुनं घर असलेल्यांनी सावध राहावं. आणखी एक: पूर्वी दोन मुलं एकदम कॉलेजात असली की फॅफ्साचा आकडा वाटला जायचा. २०२४-२५ पासून ते बंद झालं. आमच्या धाकटीच्या वेळी नेमकं.

---

पानगळ
१३ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

मी आमच्या गावच्या लायब्ररीत आठ वर्षं स्वयंसेवक म्हणून बारावीच्या मुलांचे अर्ज वाचते. बहुतेक घरांतली ही कॉलेजला जाणारी पहिली पिढी असते. देशी मुलंही येतात, ती बहुधा आईबापांना न सांगता येतात.

निबंधाबद्दल विचारलंत म्हणून सांगते. आईबापांनी लिहिलेला परिच्छेद दुसऱ्या वाक्याला कळतो. मूल 'मला कंटाळा आला होता' असं लिहितं, आईबाप 'मी आव्हानांचा सामना केला' असं लिहितात. निबंध फक्त ६५० शब्दांचा. त्यात जग बदललं पाहिजे असं नाही. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता, शनिवार-रविवार कपडे धुण्याच्या दुकानात काम करणारा. पहिल्या खर्ड्यात त्याने रोबोटिक्सच्या स्पर्धेबद्दल लिहिलं होतं, अगदी गुळगुळीत. मी विचारलं, दुकानात काय करतोस? म्हणाला, सात नंबरचं मशीन नाणी गिळतं, म्हणून मी कोणाची किती गिळली ते एका वहीत लिहून ठेवतो आणि मालक आला की परत करायला लावतो. तीन वर्षांची वही होती त्याच्याकडे! मी म्हटलं, बाळा, रोबोट राहू दे, वही आण.

हेच अ‍ॅक्टिव्हिटीजच्या यादीत होतं. दहा रकाने, प्रत्येकी जेमतेम १५० अक्षरं. मुलं क्लबांची नावं भरतात आणि खरं काम वगळतात. एक मुलगी आठवड्यातून तीनदा आजीला डायलिसिसला नेऊन आणायची, दुभाषी म्हणून तिथे बसायची. यादीत ते नव्हतंच. 'पण ती अ‍ॅक्टिव्हिटी थोडीच आहे' म्हणाली. कॉमन अ‍ॅपमध्ये घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार दिलेला आहे, पगाराच्या कामासाठीही. ते भरायचं.

शिफारसपत्रांचं: अकरावीच्या दोन शिक्षकांना मे महिन्यातच विचारून ठेवायचं. सप्टेंबरमध्ये चांगल्या शिक्षकांकडे रांग लागते. ज्याच्या विषयात ए मिळाला तोच शिक्षक धरायचा असं नाही. जिथे धडपडली आणि उठली, तो शिक्षक जास्त लिहू शकतो. पत्र वाचायचा हक्क सोडतो अशी खूण करावी लागते, ती करायची, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

छत्री, एक विचारू? लेक कागदाच्या मागे काय काढत होती?

---

टोमणे_महाराज
१३ जानेवारी, रात्री ९:१२

सगळा लॉटरीचा खेळ आहे. तुम्ही दळण दळत बसा. आमच्या ग्रुपातल्या तिघांनी एक खासगी काउन्सेलर धरला होता, चार आकडी डॉलर मोजून. तिघांच्या मुलांना एकच यादी मिळाली, फक्त नावांचा क्रम वेगळा. एकात तर आमच्या पोराच्या ऐवजी दुसऱ्याच पोराचं नाव राहून गेलं होतं. त्यापेक्षा सॅटला दाबून बसवा, निदान तो आकडा कोणाच्या मनावर अवलंबून नसतो.

---

पानगळ
१३ जानेवारी, रात्री ९:४०

महाराज, लॉटरी वरच्या वीस-पंचवीस कॉलेजांची. खालच्या हजारात लॉटरी नाही, सरळ प्रवेश आहे.

सॅटचं मात्र अर्धं पटलं. कोविडमध्ये ऐच्छिक झाली होती, आता परत येतेय. एमआयटीने २०२२ मध्ये सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकने. उलट कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचे दोन समूह, यूसी आणि कॅल स्टेट, दोन्हीकडे स्कोअर बघतच नाहीत. म्हणून 'द्यायची का' याचं उत्तर यादीवर ठरतं. माझं मत: मार्चमध्ये एकदा देऊन टाकावी. आता संगणकावर असते, सव्वादोन तासांत संपते. बरी गेली नाही तर ऑगस्टमध्ये पुन्हा. तिसऱ्यांदा देऊ नये, तो उन्हाळा निबंधाला लागतो.

---

एच४ची_आई
१४ जानेवारी, दुपारी १:२५

टेक्सासहून. आमची गोष्ट जरा वेगळी. मुलगी तीन वर्षांची असताना इथे आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत अजून उभे. तिला फॅफ्सा नाही. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) उन्हाळ्यात आइसक्रीमच्या दुकानातही काम करता येत नाही, सगळ्या मैत्रिणी करतात. २१ पूर्ण झाली की माझ्या व्हिसावरून उतरणार, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागणार. आणि वर सगळे सांगतात तुम्ही टेक्सासवाले नशीबवान, वरच्या दहा टक्क्यांना आपोआप प्रवेश. तो कायदा १९९७ चा. ऑस्टिनच्या विद्यापीठाला २०२६ च्या फॉल सत्रापासून फक्त वरचे ५ टक्के. माझी मुलगी आठव्या टक्क्यात.

---

चहाबाज
१४ जानेवारी, दुपारी ३:००

एच४ची_आई, आधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या राज्यात एच-४ मुलांना इन-स्टेट (रहिवाशांची कमी) फी लागते का. याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, टेक्सासमध्ये वास्तव्य सिद्ध केलं तर लागते. विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून ईमेलवर उत्तर घ्या, फोनवर घेऊ नका. दोन, खासगी कॉलेजं तिला मदतीपुरती परदेशी धरतील. बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश ठरतो आणि मग पूर्ण गरज भागवतात. गुणवत्तेच्या स्कॉलरशिप देणाऱ्या सरकारी विद्यापीठांत व्हिसाची अट असते की नसते, ते प्रत्येकीचं वेगळं वाचावं लागेल.

आठव्या टक्क्यात म्हणजे ऑस्टिनचं दार बंद असं नाही. आपोआप नाही, एवढंच. आणि आपोआप मिळालेल्यांनाही हवा तो मेजर (मुख्य विषय) मिळेलच असं नसतं.

---

सेकंडहँड_सायकल
१४ जानेवारी, रात्री ११:५०

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान. वय २०, आई मेंबर आहे, तिच्यामुळे वाचते. मराठी लिहिताना चुका झाल्या तर सांगा.

मी बाबांच्या आग्रहाने सगळीकडे कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केला होता. सगळीकडून नकार. हे कोणी नीट सांगत नाही की बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मेजरला मिळतो, विद्यापीठाला नाही. 'आधी कशात तरी घुस, मग बदल' असं काका लोक सांगतात. सिअ‍ॅटलच्या यूडब्ल्यूमध्ये (वॉशिंग्टन विद्यापीठ) किंवा इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनमध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये मागाहून शिरणं फार फार कठीण आहे. बदलायचंच असेल तर आधी विचारून घ्या.

मग मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजला गेले. त्या वर्षी गणपतीत एका मावशींनी विचारलं, कुठे जातेस? मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, अच्छा अच्छा, मोदक घे. पुढे कोणी काही विचारलं नाही. दोन वर्षं मला खूप मोदक मिळाले.

पण तिथे टॅग नावाची सोय आहे. यूसीच्या सहा कॅम्पसपैकी एकाशी करार करता येतो, ठरलेले कोर्स ठरलेल्या ग्रेडने केले की जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. सप्टेंबर महिनाभरच तो फॉर्म भरता येतो, मी २९ तारखेला भरला. आता डेव्हिसला आहे, स्टॅटिस्टिक्स शिकते आणि मला ते खरंच आवडतं. दोन वर्षांच्या फीचे पैसे वाचले ते वेगळंच. बाबा आता सगळ्यांना टॅग समजावून सांगतात, जणू त्यांनीच शोधलाय.

---

साधीसुधी
१५ जानेवारी, सकाळी ७:०५

सायकल, चुका नाहीत गं. मस्त लिहिलंस. 'मोदक घे' वाचून ऑफिसच्या बसमध्ये हसले.

न्यू जर्सीतल्यांसाठी: आपल्याकडे एनजे स्टार्स आहे. वर्गातल्या वरच्या १५ टक्के मुलांची काउंटी कॉलेजची ट्यूशन भरली जाते.

---

निळी_छत्री
१७ जानेवारी, रात्री १०:४५

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री कॅल्क्युलेटर भरला. एक्सेलमधली पाच कॉलेजं आणि राज्याचं विद्यापीठ. पाचपैकी चार ठिकाणी आकडा राज्याच्या विद्यापीठाच्या दुपटीहून जास्त. नवऱ्याने एकदा पुन्हा भरून बघितलं, आपण शून्य जास्त घातलं असेल म्हणून. नव्हतं घातलं. मग तो उठून भांडी घासायला गेला, सिंकमध्ये दोनच कप होते तरी.

आता तो म्हणतोय की अर्ली डिसिजन करू, तिथे शक्यता वाढते म्हणे. करावं का?

---

चहाबाज
१७ जानेवारी, रात्री ११:३०

तुमच्या परिस्थितीत मी करणार नाही. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील. मुलगी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात: घेतलंत तर येणारच. १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज, डिसेंबरमध्ये निकाल, आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत पुरली नाही तर सुटता येतं, पण दुसऱ्या कॉलेजने काय दिलं असतं ते बघायला हातात काहीच नसतं. ज्यांना पूर्ण किंमत परवडते किंवा कॅल्क्युलेटरचा आकडा ज्यांच्या आकड्याच्या आत आहे, त्यांनी खुशाल करावं. बाकीच्यांनी अर्ली अ‍ॅक्शन. निकाल लवकर, बंधन नाही, उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ.

एकेका कॉलेजला नेमकं काय महत्त्वाचं वाटतं हे बघायचं असेल तर त्याचा 'कॉमन डेटा सेट' शोधा. त्यात सी७ नावाचा तक्ता असतो: ग्रेड, निबंध, मुलाखत, कॉलेजमध्ये दाखवलेला रस, प्रत्येकापुढे 'फार महत्त्वाचं' ते 'विचारात घेत नाही' अशी खूण. एच विभागात गुणवत्तेवर किती मुलांना सरासरी किती पैसे दिले तेही असतं. यजमानांना एक्सेलची हौस आहे ना, त्यांना हे काम द्या. रँकिंगचा रकाना काढून हे दोन घालू द्या.

---

नाव_सांगत_नाही
१८ जानेवारी, दुपारी १२:१०

एक अनुभव, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मुलीच्या सिनियर वर्षात (बारावीत) मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. मदतीचं पत्र मात्र दोन वर्षांपूर्वीच्या दणदणीत पगारावर बेतलेलं. आम्हाला वाटलं, आता काय करणार, सरकारी फॉर्म आहे. पण कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला हा आकडा फेरविचारात घ्यायचा अधिकार असतो. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे स्लिप, बेकारी भत्त्याचे कागद आणि एक पानी साधं पत्र पाठवलं. रडगाणं नाही, फक्त आकडे आणि तारखा. तीन आठवड्यांनी वर्षाला ११ हजारांनी मदत वाढली. घासाघीस केल्याच्या सुरात लिहू नका. परिस्थिती बदलली, कागद सोबत आहेत, एवढंच लिहा.

---

साधीसुधी
१८ जानेवारी, रात्री ८:२०

पानगळताई, महिन्यांप्रमाणे काय करायचं ते एकदा लिहाल का? फ्रिजवर लावीन.

---

पानगळ
१८ जानेवारी, रात्री ९:१५

थोडक्यात लिहिते. अकरावीच्या मार्चमध्ये सॅट, मेमध्ये शिक्षकांना विचारणं, उन्हाळ्यात निबंधाचा पहिला खर्डा आणि एकदोन कॉलेजं स्वतः चालून बघणं. जवळचं कुठलंही चालेल, मोठं-छोटं, शहरातलं-गावातलं यातला फरक पायांना कळतो. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप नव्या वर्षासाठी उघडतं. १ ऑक्टोबरला सीएसएस, आणि फॅफ्साही साधारण तेव्हाच. फॅफ्सासाठी मूल आणि पालक दोघांची खाती वेगवेगळी लागतात, ती सप्टेंबरमध्येच उघडून ठेवा. शेवटच्या रात्री पासवर्डावरून घरं फुटताना मी पाहिली आहेत. १ नोव्हेंबर अर्ली, यूसीचं साधारण नोव्हेंबरअखेर, बाकीचे जानेवारीच्या सुरुवातीला. नंतर वाट बघणं, आणि बारावीचे ग्रेड घसरू न देणं. घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतात, दरवर्षी एखादं तरी मूल यात सापडतं.

छत्री, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

---

निळी_छत्री
२५ जानेवारी, रात्री ९:३०

पानगळताई, तुम्ही विचारलंत म्हणून मी लेकीला विचारलं. आधी 'काही नाही' म्हणाली. मग म्हणाली, आपलं स्वयंपाकघर. सिंक आणि शेगडी समोरासमोर आहेत म्हणून मी दिवसभर गरगर वळते, ते ती बरेच दिवस बघत होती. ओटा एल आकाराचा करून खिडकी कुठे येईल ते काढत होती. सहावीपासून काढतेय म्हणे, वह्या पलंगाखाली आहेत. अकरा वह्या! शाळेची लायब्ररी, बसस्टॉप, आजीचं सांगलीचं घर आठवून.

मी आणि नवरा पलंगाशेजारी जमिनीवर बसून बघत होतो. त्याने विचारलं, आर्किटेक्चर करायचंय का? ती म्हणाली, तुमच्या यादीत तो रकाना नव्हता.

तर आता नवे प्रश्न. इथे आर्किटेक्ट कोणी आहे का?

---

ओळंबा
२६ जानेवारी, सकाळी ६:४०

मी आहे. मुंबईत जेजेला शिकले, इथे मास्टर्स केलं, बावीस वर्षं काम करतेय.

दोन रस्ते. एक पाच वर्षांचं बी. आर्क., त्यानंतर थेट परवान्याच्या वाटेला लागता येतं. दुसरा चार वर्षांची साधी पदवी आणि मग मास्टर्स. सतराव्या वर्षी खात्री असेल तर पहिला, शंका असेल तर दुसरा. कोणताही घेतला तरी शेवटची पदवी 'नॅब'ची (आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली हवी, बहुतेक राज्यांत परवान्याला तीच लागते. बी. आर्क. तुमच्याच राज्यात नेवार्कला एनजेआयटीत आहे, शिवाय व्हर्जिनिया टेक, पेन स्टेट, सिरॅक्यूज, कॉर्नेल, कॅल पॉली सॅन लुई ओबिस्पो. तुमच्या मूळ चोवीसमध्ये यातलं फार तर एखादं असेल.

चहाबाजांच्या आकड्याला पाचाने गुणा, चाराने नाही. स्कॉलरशिप चार वर्षांची की पाच, हे लेखी विचारून घ्या. हे विसरलेली दोन घरं मला माहीत आहेत.

पोर्टफोलिओ काही ठिकाणी लागतो, काही ठिकाणी नाही. लागतो तिथे संगणकावरच्या चकचकीत इमारती नकोत. हाताने काढलेलं, बघून काढलेलं, खोडलेलं हवं असतं. स्वयंपाकघर तर पहिल्या पानावर घाला. आणि मूळ कागदच स्कॅन करा, पुन्हा सुबक काढायला लावू नका.

---

निळी_छत्री
२६ जानेवारी, रात्री १०:१५

ओळंबा, किती आभार मानू! यादी आता नऊवर आली आहे. तीन तिने स्वतः घातली, सी७ बघून. नवऱ्याने 'वर्षं' असा नवा रकाना केलाय.

मूळ कागद रिसायकलिंगच्या डब्यात गेला होता. उद्या सकाळी गाडी येणार, म्हणून आत्ता टॉर्च घेऊन बाहेरून काढून आणला. थोडा ओला झालाय, पण ओटा शाबूत आहे. पलीकडच्या बाजूची हिरवी-पिवळी चोवीस कॉलेजं मात्र पुसट आरपार दिसतायत. स्कॅनमध्ये उमटतील का हो?

---

ओळंबा
२६ जानेवारी, रात्री १०:३२

मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा, नाही उमटणार. पण थोडी उमटली तरी मी असते तर राहू दिली असती.